चार्ज दिल्याशिवाय

"सुमन, यायनं चहा घेतला नाही अजून."

ताईचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले असतील. नवा रायपूरच्या ऑफिसात मी नुकतीच खुर्चीला टेकले होते. चार वर्षांपूर्वी ताईला लकवा मारला, तेव्हापासून तिची जीभ थोडी जड झाली आहे, शब्द सावकाश येतात आणि फोनवर ती मोजकंच बोलते. मी आपल्या सवयीनं फटकन म्हटलं, "अगं मग घेतील की. थंड झाला असेल तर पुन्हा गरम कर." तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी हळू. यायनं चहा घेतला नाही. तिचं 'यायनं' म्हणजे यांनी, भाऊजींनी. बत्तीस-तेहतीस वर्षांत भाऊजींनी ताईच्या हातचा चहा थंड होऊ दिल्याचं मला आठवत नाही. पर्स उचलली आणि निघाले. नवा रायपूरचे ते रुंद रिकामे रस्ते एरवी मला आवडतात, त्या दिवशी संपता संपेनात, आणि पुढं गुढियारीत शिरताना मालट्रकच्या मागं अडकले ते वेगळंच.

मी पोहोचले तेव्हा भाऊजी अंगणातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले होते. म्हणजे तसेच दिसत होते. मान जराशी डावीकडं कललेली, हात मांडीवर, हातांना अजून साबणाचा वास. शेजारचे साहू भैया बाजूला उभे होते, त्यांनीच डॉक्टरांना बोलावून आणलं होतं आणि डॉक्टर येऊन सांगून गेले होते. ताई पायरीवर बसली होती. कठड्यावर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. कपाशेजारी रबराचे दोन जाड तुकडे धुऊन उन्हात वाळत ठेवले होते. समोर गाडी उभी होती, पुढं लाल झेंडी बांधलेली. आणि ड्रायव्हरच्या जागेवर तांदळाचे दोन कट्टे एकावर एक ठेवून त्यांना चक्क सीटबेल्ट लावलेला. मी ते सगळं पाहिलं, पण पाहिलं एवढंच. त्या वेळी माणूस कुठं काय जोडत बसतो? लोकांना वाटलं, भाऊजींनी बाजारातून तांदूळ आणला असेल आणि उतरवायचा राहिला असेल. मलाही तेच वाटलं.

आज त्याला दोन महिने होत आले. भाऊजी, म्हणजे मधुकरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हे काही नाव ऐकून कोणी ओळखावं असे गृहस्थ नव्हते. उभा जन्म त्यांनी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत काढला. आमचं माहेर नागपूरचं. लग्न होऊन ताई रायपूरला आली, आणि आई गेल्यावर पाठोपाठ मीही तिच्याकडं शिकायला आले. लग्न मी केलं नाही, का केलं नाही हा विषय इथं नको, पण त्यावरून घरात एकदाही टोमणा मारला नाही असा माणूस म्हणजे भाऊजी. "तुमची साळी मोठी तिखट हो," असं कोणी म्हटलं की ते म्हणायचे, "मिरची झाडालेच लागून राहू द्या, हात नका लावू." मी तिखट आहे हे खरंच आहे. पुढं जे सांगणार आहे त्यात ते दिसेलच.

त्यांचा एकच नाद होता, मोजण्याचा. घरात नवीन टेबल आलं तरी आधी पट्टी बाहेर निघायची. इंचावर त्यांचं भागत नसे, ते सुतात बोलायचे. इंचाचे आठ सूत. मला कॉलेजात असताना एकदा त्यांनी यार्डात उभं करून समजावलं होतं, की एका डब्याचे बफर दुसऱ्या डब्याच्या बफरशी नीट भिडायचे तर दोघांची उंची सारखी लागते, आणि डबा खाली, म्हणजे रिकामा, असला की उंच असतो, भरला की बसतो. "म्हणून डबा दोनदा मोजा लागते. खाली बी अन् भरलेला बी. जो खालीच मोजून मोकळा होते, तो एक दिवस गाडी पाडते." मी तेव्हा जांभई दिली होती, हे मला स्वच्छ आठवतं.

ताईला लकवा मारला तो एका साध्या मंगळवारी, भाजी निवडता निवडता. जीव वाचला, पण डावा हात कामातून गेला आणि डावा पाय ओढत चालू लागला. सहा महिन्यांत ती घरात काठीवर फिरू लागली, एका हातानं चहा करू लागली. अडायचं ते गाडीशी. भाऊजींची गाडी उंच बांध्याची, निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली. ताई पाठमोरी उभी राहून सीटवर टेकायला बघायची आणि सीट तिला तीन-चार बोटं उंच पडायची. मग एकानं काखेत हात घालायचा, दुसऱ्यानं पाय उचलायचे. माझी गाडी छोटी आणि बुटकी, तिच्यातून ताईला बाहेर काढायचं म्हणजे विहिरीतून घागर ओढणं. दर गुरुवारी ताई एका मैत्रिणीकडं भजनाला जायची. वीस वर्षांचा नेम. चार गुरुवार आम्ही तिला असं उचलून नेलं, पाचव्या गुरुवारी ती तयारच झाली नाही. "मले पोत्यासारखं उचलू नका," म्हणाली. "माझं मी बसता येईन तेव्हा जाईन. नाही तर नाही जात." आणि खरंच बंद झाली. मोगऱ्याचं एक झाड अंगणात होतं, तिथवर जायची आणि परत यायची, एवढंच तिचं जग उरलं.

मी म्हटलं, मदतीला बाई ठेवू, चाकाची खुर्ची आणू. भाऊजी ऐकत होते आणि ताईच्या पलंगाकडं बघत होते. मग उठले, एक सागाची पट्टी आणली, पलंगाला लावून उभी केली आणि करवतीनं खाच पाडली. "या पलंगावरून ही आपली आपण उठते. गाडीची सीट याहून सव्वादोन इंच उंच आहे. एवढी गाडी खाली आणली, की झालं." मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. गाडी खाली आणतात ते शायनिंग मारणारे पोट्टे. पण पंधरा दिवसांत कुरिअरनं खोकं आलं. आतमध्ये चार स्प्रिंगा, मूळच्यांपेक्षा आखूड, भडक लाल रंगाच्या, आणि सोबत पेटलेल्या चाकाचं एक स्टिकर. भाऊजींनी ते ताईच्या काठीला चिकटवलं. लकवा मारल्यानंतर ताईला खळखळून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गॅरेजवाल्यांकडं द्यायला ते तयार नव्हते. "तो चार गाड्यांच्या मधात करणार. हिच्या पायाचं काम आहे." मदतनीस कोण, तर मी. तीन रविवार मी जुना पंजाबी ड्रेस घालून त्या अंगणात काळी झाले. साहू भैया कंपाउंडवरून डोकावून छत्तीसगढीत विचारायचे, "का करथव भैया, ए उमर म रेस लगाहू का?" आणि भाऊजी गाडीखालून म्हणायचे, "हव, तोरे संग."

कामाला हात लावायच्या आधी त्यांनी घरातून लाल झेंडी आणून गाडीच्या पुढं बांधली आणि किल्ली खिशात टाकली. मी हसले. अंगणात कोण इंजिन आणून जोडणार होतं? ते हसले नाहीत. वॅगनच्या खाली माणूस काम करून राहिला, की त्या रुळावर लाल झेंडी लागते, म्हणाले, आणि ती झेंडी आहे तोवर मोठा साहेब आला तरी डबा हलत नाही. ज्यानं लावली त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

"अन् लावणारा मधातच घरी गेला तर?" मी विचारलं.

"जात नाही."

"तब्येत बिघडली, गेला. मग?"

"चार्ज दिल्याशिवाय कोणी जात नाही, सुमन. पाना दे इकडं."

मागच्या स्प्रिंगा सोप्या निघाल्या. गाडी उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, जॅकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, मग मागचा अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडला आणि जुन्या स्प्रिंगा हातात आल्या. पुढचं काम मात्र वाईट. तिथं स्प्रिंग दाबून ठेवलेली असते, आणि ती सोडवायची तर आधी आणखी दाबावी लागते. दोन्ही बाजूंनी दोन लांब आट्यांचे शिकंजे लावायचे आणि पाळीपाळीनं आवळायचे. इकडं चार फेरे, तिकडं चार फेरे. भाऊजींनी ताईची खुर्ची भिंतीमागं नेऊन ठेवली आणि मला स्प्रिंगच्या तोंडासमोर उभं राहू दिलं नाही. फेरे मोजायचं काम माझं. मी बोलता बोलता माझ्या बाजूला सहा फिरवले. शिकंजा कर्रकन तिरपा झाला आणि भाऊजी ओरडले, "हात काढ." इतक्या वर्षांत माझ्यावर चढलेला त्यांचा तो एकच आवाज. मी हात काढला. त्यांनी दोन फेरे उलटे फिरवून शिकंजा सरळ केला, माझ्या बोटांकडं पाहिलं आणि म्हणाले, "आता तू मोठ्यानं मोज. मले ऐकू आलं पाहिजेन." मी शाळेतल्या पोरीसारखी मोठमोठ्यानं मोजत राहिले, आणि भिंतीमागून ताईही माझ्याबरोबर मोजू लागली.

शेवटचे नट त्यांनी गाडी जमिनीवर उतरल्यावर, चारी चाकांवर भार आल्यावर आवळले. "लटकत्या गाडीचा नट आवळला तर रबर पिळते. भारावर आल्याशिवाय काही पक्कं करायचं नाही." एवढं ज्याला ठाऊक, त्या माणसाच्या हातून जी चूक झाली ती मला आजही नवलाची वाटते. त्यांनी सागाची पट्टी सीटला लावली. खाच बरोबर सीटच्या कडेशी. ताईला बोलावलं. ती पाठमोरी झाली, टेकली, बसली. कोणी हात लावला नाही. मग उजव्या हातानं दाराची चौकट धरली आणि उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. चौथ्यांदा भाऊजी म्हणाले, "बस कर आता, स्प्रिंगा नव्या आहेत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला त्यांच्याकडं फक्त ग्रीसनं भरलेला हात होता, त्यामुळं चेहरा काळा झाला. जुन्या स्प्रिंगा तेल लावून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवल्या.

आठच दिवसांनी आमच्या भाचीचं लग्न होतं. ताई वर्षानंतर माणसांत जाणार होती, तिनं जांभळी पैठणी काढली. गाडीत भाऊजी, पुढं ताई, मागं मी आणि दोन मावश्या, डिकीत आहेराची भांडी. हॉलच्या दारात नवरदेवाची वरात नुकतीच पोहोचलेली, बँड जोरात, मागं गाड्यांचे हॉर्न. ताईनं दार उघडलं, पाय बाहेर टाकले, चौकट धरली आणि उठायला गेली. उठली नाही. पुन्हा जोर केला, नाही. तिसऱ्या वेळी ती मागं पडली आणि पैठणीचा पदर दारात अडकला. भरलेली गाडी बसली होती, आणि तिच्याबरोबर सीटही बसली होती. मी मागून उतरून येईपर्यंत बँडवाले धावले. त्या लाल कोटवाल्या दोघांनी आणि एका वाढप्यानं माझ्या बहिणीला उचललं, शंभर माणसांसमोर, आणि बँड थांबला. ताईनं डोळे मिटून घेतले होते. त्या बिचाऱ्यांनी चांगल्या मनानं केलं, पण मला ते डोळे आजही दिसतात.

आणि तिथं, त्या दारात, मी भाऊजींना बोलले. "तुमच्या हट्टापायी ताईचा तमाशा झाला. तुम्हाला यंत्रं समजतात, माणसं समजत नाहीत." मोठ्यानं बोलले, नातेवाइकांसमोर. ते स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मागचे हॉर्न वाजत होते. मग त्यांनी गाडी पुढं घेतली.

मी महिनाभर गेले नाही. रुसून नाही, लाजेनं. पण ते कबूल कोण करणार? ताईनंच पुढं मला सांगितलं, की लग्नाहून आल्यावर ते कपडे न बदलता अंगणात गेले आणि गाडीजवळ उभे राहिले. "खाली गाडी मोजली मी," म्हणाले. "जन्मभर पोट्ट्यांवर ओरडलो, अन् घरची गाडी खाली मोजली. भरलेली नाही मोजली." मग कामाला लागले. ट्रकचं जाड रबर आणून त्याचे तुकडे कापले आणि पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत बसवले, म्हणजे भार आला तरी स्प्रिंग फार दबू नये. सीटमधला मऊ फोम काढून गादीवाल्याकडून काथ्या ठासून भरून घेतला. ताईची समजूत काढायला मात्र तीन आठवडे लागले. स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसायचे, तिला बाजूला बसवायचे आणि साहू भैयांना पट्टी धरायला लावायचे. डाव्या चाकावरच्या पत्र्याची कड जिथं आली की ताई सहज उठते, तिथं पट्टीवर त्यांनी दुसरी खाच पाडली आणि पेन्सिलीनं लिहिलं, "मी + ही, भरलेली."

त्यानंतरचे दीड वर्षाचे गुरुवार ताईचे होते. भाऊजी तिला भजनाच्या दारात नेऊन थांबवायचे आणि स्टीअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचे. मी एकदा विचारलं, उतरून दार का नाही उघडत? म्हणाले, "मी तिच्याकडं पाहिलं, की तिले वाटते मी वाट पाहून राहिलो. मग घाई करते." गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासायचं, गुढियारीतल्या पोरांना तो आवाज पाठ झाला होता. त्या लग्नातल्या बोलण्याबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. जेवायला गेले, भांडले, हसले, त्यांच्या पथ्याचं लोणचं करून दिलं, पण ते एक वाक्य मागं घेतलं नाही. आज घेऊ, उद्या घेऊ... असंच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना चालताना धाप लागू लागली. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्हाला त्यांनी सांगितलं, की गॅस आहे. आणि जायच्या पंधरा दिवस आधी त्यांचा मला ऑफिसात फोन आला.

"सुमन, वजन किती तुझं?"

"भाऊजी, हे काय विचारणं झालं?"

"सांग न बाप्पा. काम आहे."

"अठ्ठावन्न," मी म्हटलं, आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते त्या वेताच्या खुर्चीत.

तेरावं झालं. निखिल, त्यांचा मुलगा, बंगळूरहून आला होता. गुणी पोरगा, पण मराठी समजतं आणि बोलतो हिंदी. "मौसी, गाड़ी का क्या करना है? मम्मी तो चला नहीं सकती." आईला सोबत न्यायचं त्याच्या मनात होतं, ताईनं मान डोलावली नाही. गाडीच्या बाबतीत ती एवढंच म्हणाली, "झेंडी लागली आहे. हात लावू नका कोणी." त्याला वाटलं, मम्मी सदम्यात आहे. मला समजलं होतं, पण मी तरी काय करणार होते? झेंडी लावणारा निघून गेला होता. गाडी तशीच उभी राहिली, आत ते तांदळाचे कट्टे बेल्ट लावून बसलेले. ताईचं भजन बंद झालं. पुन्हा ती मोगऱ्यापर्यंत जाऊ लागली आणि परत येऊ लागली. मी दर रविवारी जायची, ती माझ्याशी बोलायची, जेवायची, पण मला तिचे ते मिटलेले डोळे दिसायचे. ती उघड्या डोळ्यांनीही मिटून बसली होती.

मागच्या रविवारच्या आधीचा रविवार. निखिलनं फोनवरून एक गिऱ्हाईक ठरवलं होतं, तो सोमवारी गाडी बघायला येणार होता. मी म्हटलं, निदान अंगण तरी झाडून ठेवू. दारामागं केरसुणी शोधताना सागाची पट्टी हाताला लागली. ती घेऊन मी पायरीवर बसले. पलंगाची खाच. तिच्याखाली दुसरी, "मी + ही, भरलेली," पुसट झालेली. सहज पट्टी उलटी केली... तर ती दुसरी खाच करवतीनं फिरवून मागच्या बाजूलाही आणलेली, अगदी त्याच उंचीवर, आणि तिच्याजवळ ताज्या पेन्सिलीनं लिहिलेलं.

"सुमन ६२ + ही."

बासष्ट. मी अठ्ठावन्न सांगितलं होतं. माझं खरं वजन बासष्टच आहे, आणि ते मी आजवर डॉक्टरलासुद्धा धड सांगितलेलं नाही. मला आधी हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते माझ्यानं आवरेना. भाऊजी पंच्याण्णव किलोचे. त्यांच्या जागी मी बसले तर गाडी दोन-अडीच सूत वर राहणार, ताईला चढायला तेवढं जड. म्हणून, गाडी पुन्हा तेवढीच खाली बसावी यासाठी, त्यांनी स्प्रिंगांतले ते रबराचे तुकडे काढले होते, धुऊन कठड्यावर ठेवले होते. त्या सकाळी ती गाडी त्यांच्यासाठी चुकीची झाली होती, आणि ते त्यांनी आपल्या हातानं केलं होतं.

ताई पलीकडून विचारत होती, काय झालं, काय झालं. मी पट्टी तिच्यासमोर धरून वाचून दाखवलं. ती बराच वेळ त्या अक्षरांवर उजव्या हाताचं बोट फिरवत राहिली. मग सावकाश सांगू लागली. त्या दिवशी सकाळी त्यांनी साहू भैयांच्या हातानं तीस-तीस किलोचे दोन कट्टे गाडीत ठेववले, वर दोन किलोचं लोखंडी वजन. हिनं विचारलं, "तांदूळ कुठं घेऊन चालले?" तर म्हणाले, "फिरायले." हिला बाजूला बसवलं, पट्टी लावली, उठवलं, बसवलं. "मले वाटलं, यायले काही तरी खूळ सुचलं. मी म्हटलं, मी चहा ठेवते. ते म्हणे, ठेव, माझं झालं." तिचं बोट पुन्हा खाचेवर गेलं. "माझं झालं, असं म्हणे ते, सुमन."

तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग ती म्हणाली, "म्हणजे त्यायनं चार्ज देला. तुले."

"मला कसा देतील, ताई?" मी म्हटलं, आणि दीड वर्ष गिळलेलं तोंडात आलं. "मी त्यांना लग्नात काय बोलले, तू ऐकलं होतंस. मी माफीसुद्धा मागितली नाही."

"मालूम आहे." ताईनं पट्टी माझ्या मांडीवर ठेवली. "ते मले म्हणत, 'तेवढ्या माणसांत सुमनले एकटीलेच राग आला तुझ्यासाठी. बाकीचे आहेर मोजून राहिले होते.'" मग गाडीकडं मान वळवून म्हणाली, "काढ झेंडी."

गाठ ग्रीसनं घट्ट झाली होती, मला दहा मिनिटं लागली. झेंडी झटकली, घडी केली. साहू भैयांना हाक मारली, त्यांनी कट्टे उतरवले. मी ड्रायव्हरच्या जागी बसले, ताई येऊन बाजूला बसली, आणि भैयांनी डाव्या चाकाशी पट्टी उभी धरली. बराच वेळ ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "दीदी, बरोबर निशान म हे." पत्र्याची कड नेमकी खाचेवर आली होती. एवढं बोलून ते पट्टी तिथंच ठेवून घरात गेले, त्यांचाही मित्रच होता तो.

सोमवारच्या गिऱ्हाइकाला मी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. निखिललाही सांगितलं, मराठीतच. आणि गुरुवारी ऑफिसातून लवकर निघून गुढियारीला गेले. भजनाच्या दारात गाडी थांबवली, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले आणि समोर बघत बसले. समोर एक विजेचा खांब होता, त्यावरची पत्र्याची पाटी मी तीनदा वाचली. शेजारी दार उघडल्याचा आवाज आला. काठी टेकल्याचा. मग गाडी माझ्या खाली हलकेच वर आली, अर्धा इंच असेल, आणि मला कळलं की ताई उठली आहे.

"सातले ये," ती म्हणाली आणि आत गेली.

पट्टी आता डिकीत असते, झेंडी पुढच्या खणात. घरात मी वजनकाटा आणला आहे. दर गुरुवारी सकाळी, चहाच्या आधी, त्यावर उभी राहते. बासष्टच्या वर जाऊ देत नाही, आणि खालीही नाही.